लेन्स कुठल्या बाजूला फिरते

कॅमेऱ्याच्या तोंडाशी धातूची एक कडी असते. लेन्स तिच्यात टेकवायची, जराशी फिरवायची, की 'टक्' करून अडकते. धंद्यात तिला माउंट म्हणतात. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला लागत नाही ती या कडीपायी. कडीत लेन्स अडकते हे खरं, पण खरं तर गिऱ्हाईक अडकतं, आणि एकदा अडकलं की सहसा सुटत नाही.

कॅमेरे बनवणाऱ्या ज्या घराची ही गोष्ट आहे, त्यांच्या कडीची एक गंमत होती. बरणीचं झाकण ज्या बाजूला फिरवलं की लागतं, त्या बाजूला यांची लेन्स फिरवली की निघायची. तरुणपणी वडिलांनी पहिल्या कडीचं ड्रॉइंग कॅमेऱ्याच्या आतून पाहून काढलं आणि कारागिराने ते बाहेरून पाहिल्यासारखं वाचलं, एवढीच भानगड. लक्षात आलं तोवर कॅमेरे विकले गेले होते. लोकांच्या घरी पोचलेल्या लेन्स काही कुणी उलट्या करून देऊ शकत नाही, म्हणून पुढची प्रत्येक लेन्स त्याच चुकीला धरून बनली. बाजारात त्यांना 'उलटेवाले' असं नाव पडलं. व्याही जेवायला आले की घट्ट बसलेली बरणी मुद्दाम वडिलांपुढे सरकवायचे. म्हणायचे, "उघडा, पण तुमच्या पद्धतीने नको हं!" सगळे हसायचे. वडीलही हसायचे, फक्त त्यांचं हसू जरा उशिरा यायचं.

आता ते ऐंशीला टेकले होते. कारखाना दोन्ही मुलांनी सांभाळला होता. थोरली डिझाइन बघायची, धाकटा विक्री. पण वडिलांनी मान हलवल्याशिवाय तिथे खिळासुद्धा ठोकला जात नसे. शिवाय जुनी पद्धत अशी की, खोक्यात जाण्याआधी प्रत्येक कॅमेरा खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावर यायचा. टेबलावरच्या हिरव्या बनातीच्या कापडावर हात टेकून ते डोळे मिटायचे, लेन्स फिरवायचे आणि ऐकायचे. 'टक्' मनासारखं आलं तर कॅमेरा पुढे, नाहीतर मागे. यंत्रं येऊनही ही पद्धत कुणी मोडली नव्हती. तेवढंच काम त्यांना उरलं होतं, आणि त्या कामासाठी ते रोज दाढी करून यायचे.

भांडण लागलं ते आरशावरून. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असायचा आणि त्याला हलायला जागा लागायची. नव्या कॅमेऱ्यांतून आरसाच गेला. धाकट्याचं म्हणणं, आरसा गेला तर गेला, जागा तेवढी रिकामी ठेवा आणि कडी तीच राहू द्या. लोकांच्या जुन्या लेन्स लागत राहतील.

"म्हणजे आत पोकळ डबा घेऊन फिरायचं?" थोरली म्हणायची. "नवी कडी रुंद कर, मागे चित्र उमटतं त्या पडद्याजवळ आण, लेन्स लहानही होईल आणि चांगलीही. जुन्या लेन्सना मध्ये एक अ‍ॅडॅप्टर देऊ."

"ताई, लोकांना शब्द दिलाय आपण. आमची कुठलीही लेन्स आमच्या कुठल्याही कॅमेऱ्याला लागेल."

"लागेलच की. अ‍ॅडॅप्टर लावून."

"हो, आणि जावईबापूंना घरात घेऊ, पण मागच्या दाराने."

नव्या कडीपायी थोरलीने काळ्याचे केस पांढरे केले होते. वडील नाही म्हणाले असते तर ती कडी कपाटात गेली असती, आणि तिच्या दृष्टीने तिचं इथलं कामच संपलं असतं. म्हणून तिने एक शहाणपणा केला. नमुन्यात सगळं नवं ठेवलं, पण लेन्स फिरायची दिशा मात्र वडिलांची ठेवली. उलटी. बाबांचा हात ओळखीच्या जागी पडेल, मन विरघळेल, असा तिचा होरा होता.

नमुना टेबलावर आला तेव्हा दोघंही समोर उभी होती, लहानपणी निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी. वडिलांनी डोळे मिटले. लेन्स टेकवली, सवयीने फिरवली. 'टक्' असं सुरेख आलं की धाकट्याचा चेहरा पडला.

वडिलांनी डोळे उघडले. "ही जुन्या लेन्सला लागते?"

"नाही बाबा. अगदी नवी आहे. अ‍ॅडॅप्टरशिवाय नाही लागणार."

"या कडीची एकतरी लेन्स विकली गेलीय?"

"अजून कशी विकली जाईल? तुम्ही हो म्हटल्यावर."

"मग ही उलटी का?"

थोरली गडबडली. "तुमची आहे म्हणून."

"माझी चूक आहे ती," वडील म्हणाले. आवाज चढला नव्हता. "जन्मभर मी ती वाहिली, कारण इलाज नव्हता. तुला इलाज आहे. पहिली लेन्स विकली जायच्या आत सरळ केली तर केली, नंतर तूही माझ्यासारखीच अडकशील."

थोरलीला ते लागलं. तिने मानाने पुढे केलेली गोष्ट त्यांनी खरकट्यासारखी बाजूला सारली होती. धाकट्याने मात्र संधी साधली. "बाबा, सरळ केली तर जुन्या माणसांच्या हातून लेन्स पडतील. हाताला तीच सवय आहे."

"पडतील," वडील म्हणाले. "काही दिवस. मग ज्यांना आपण कधी उलटे होतो हेच माहीत नाही अशी माणसं येतील." मग त्यांनी मान हलवली. "कडी नवी करा. सरळ करून आणा."

अशी थोरली जिंकली. जिंकल्यासारखं तिला वाटलं नाही, पण ड्रॉइंग तिने त्याच संध्याकाळी बदललं.

सरळ कडीचा पहिला कॅमेरा तयार झाला, तो पद्धतीप्रमाणे आधी खिडकीजवळच्या टेबलावर आला. वडिलांनी डोळे मिटले, लेन्स टेकवली, फिरवली. आवाज आला नाही. हात सोडताच लेन्स बनातीवर पडली.

"दुसऱ्या बाजूला, बाबा," थोरली हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला." डोळे उघडे ठेवून त्यांनी ती बरोबर बसवली. 'टक्' झालं. पुन्हा काढली, डोळे मिटले, आणि हात पुन्हा आपल्या जुन्या वाटेने गेला. लेन्स पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच झालं. कारखान्यात एरवी कुणी ना कुणी थट्टा केली असती, पण सगळे आपापल्या कामात मान घालून बसले.

"कॅमेरा पास," वडील म्हणाले. "हात नापास. उद्यापासून या टेबलावर दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

तेव्हा कुठे थोरलीच्या ध्यानात आलं. सरळ कर म्हणताना त्यांना हे दिसत होतं. तिलाच दिसलं नव्हतं, दिवसरात्र त्याच कडीवर डोळे लावून बसलेली असताना.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग! हात कुणाचा आहे?" वडील म्हणाले. "दे इकडे, अजून एकदा बघतो."

त्यांनी डोळे मिटले. थोरली खुर्ची ओढून शेजारी बसली आणि लेन्सच्या खाली तिने आपला तळहात धरला.