शेवटची गोळी कधी घेतली?

पंचवीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. गल्लीत मला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं. दवाखान्यात ताटकळायला नको म्हणून लोक माझ्याकडे यायचे, आणि मीही तोंड वर करून सल्ले द्यायचो. दीडशहाणा, दुसरं काय!

दोन वर्षांपूर्वी ताईच्या हृदयाची झडप बदलली. नवी झडप धातूची नाही, जनावराच्या पडद्यापासून बनवलेली. रक्त पातळ करायची गोळी तिला तीन महिने होती, मग डॉक्टरांनीच थांबवली. तिच्यासारख्या झडपेला जन्मभर गोळी लागत नाही, हे मी तेव्हा ऐकलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत सुटलो.

दोन महिन्यांपूर्वी तिची नाडी वेडीवाकडी चालायला लागली. डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी पुन्हा दिली. पंधरा दिवसांनी ताई दुकानात आली.

“काय रे डॉक्टर, दात घासले की रक्त येतंय. घेऊ का नको ही गोळी?”

“अगं, तुझ्या झडपेला ही लागतच नाही! दोन वर्षांपूर्वीच नाही का बंद केली? दे सोडून.”

“बघ हं. नाहीतर डॉक्टर मला ओरडतील.”

“मी आहे ना!”

तिच्या हातातला डॉक्टरांचा कागद मी उलगडूनसुद्धा पाहिला नाही. या वेळी गोळी झडपेसाठी नव्हतीच. ठोके असे चुकायला लागले की हृदयात रक्त साकळतं आणि गुठळी सुटून थेट मेंदूत जाते. म्हणून होती ती. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. मी धावत गेलो. ताई ओट्याखाली बसलेली, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला गेली, पण नुसतीच जीभ वळवळली. अर्ध्या तासात आम्ही तिला इस्पितळात पोचवलं. भाची अर्ज भरायला खिडकीकडे गेली आणि एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? शेवटची कधी घेतली?”

मी सांगितलं, “रोज घेतात. काल रात्रीही घेतली.”

का बोललो असं? लाज वाटली हो! तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप, आणि मी गल्लीतला डॉक्टर.

ती म्हणाली, “मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. मेंदूत रक्तस्राव होईल.” आणि ती आत गेली.

मी बाकावर बसलो. दर मिनिटाला मेंदू मरत असतो, हे मला ठाऊक होतं. दुकानातल्या भिंतीवर तसा तक्ता मीच लावलाय. तरी उठवेना. आज ना उद्या भाचीला कळणारच, गल्लीला कळणार, असलं काहीबाही मी मोजत बसलो. समोर घड्याळ होतं. वीस मिनिटं गेली.

मग उठलो, आत शिरलो आणि म्हणालो, “आठ दिवस गोळी घेतलेलीच नाही. मीच बंद केली.”

डॉक्टरीणबाई रागावलीसुद्धा नाही. घड्याळाकडे बघितलं आणि नर्सला हाक मारली. तपासण्या उरकून इंजेक्शन दिलं.

ताई वाचली. हात अर्धामुर्धा चालतो, बोलणं अडखळत येतं. गोळी मी बंद केली, हे मी भाचीला त्याच दिवशी सांगितलं होतं. तिने गोळ्यांचा डबा स्वतःच्या ताब्यात घेतला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबरच केलं.

काल ताईने मला जवळ बसवलं. भाचीकडे बघत एकेक शब्द जुळवत म्हणाली, “मामावर... नको रागावू. त्याला... कुठे... माहीत होतं?”

भाचीने मान खाली घातली. थोड्या वेळाने तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, महिनाभरात पहिल्यांदा.

गोळीचं मला माहीत नव्हतं, खरं आहे. पण त्या वीस मिनिटांत मला सगळं माहीत होतं, आणि ते या दोघींना माहीत नाही. मी गुपचूप चहा प्यायलो.