बापाची भूमिका

नाट्यशाळेत मी विनोदी प्रेमकथांचा इतिहास शिकवते. प्राचीन रंगभूमीपासून कालपरवाच्या सिनेमापर्यंत सगळं त्यात आलं. मुखवटे गेले, कॅमेरा आला, पण प्रेमिकांच्या वाटेत आडवा उभा राहणारा बाप काही हलला नाही. आधी तो काठी घेऊन यायचा, मग मृत्युपत्र घेऊन, आता मोटारीतून येतो. आणि दरवेळी तोंडावर आपटतो.

माझ्या घरी मात्र बापाचं काम मुलाने उचललं.

मला लग्न करायचं होतं, नाट्यशाळेत नेपथ्य उभारणाऱ्या सुताराशी. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. दोघांचेही जोडीदार केव्हाच गेलेले. माझा तास चालू असताना भिंतीपलीकडे त्याची ठोकाठोक चालायची. एकदा तावातावाने भांडायला गेले आणि चहा पिऊन आले. पुढचं काय सांगायचं!

मुलाला सांगितलं, तर त्याने आकाशपाताळ एक केलं. वय काय, नातेवाइकांना तोंड कसं दाखवू, सुतारच सापडला का, सगळं बोलून झालं. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, लोक हसतील गं."

माझं डोकंच फिरलं, कारण तो खरं बोलत होता. जुन्या नाटकांत म्हातारी माणसं प्रेमात पडतात ती फजितीसाठीच. तरुण मंडळी त्यांना फसवतात, अंगावर पाणी ओततात आणि प्रेक्षक खूश होतात.

"हसू देत," मी म्हटलं. "हसून झालं की ते आपापल्या घरी जातात. मला माझ्या घरी कुणीतरी हवंय. सोमवारी नोंदणी आहे. साक्षीदार म्हणून तुझं नाव दिलंय."

सोमवारी मिस्त्री नवा शर्ट घालून आला, कानामागची पेन्सिल काढायला विसरला होता. मुलाचा पत्ता नव्हता. कारकुनाने दोनदा विचारलं. नाटकात शेवटच्या प्रसंगात बापाचा राग निवळतो, त्यालाही जेवायला बसवतात. इथे तसं काही दिसेना.

"बाई, थांबू या का थोडं?" मिस्त्री हळूच म्हणाला. "येतील ते."

"नाही. त्याला यायचं असेल तर जेवायला येईल."

मुलाच्या जागी सोबत आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पुढे बोलावलं. आधी सही केली. दाराकडे मग पाहिलं.