दोन बोटं उंच डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डावा. माझा तळ उजव्यापेक्षा दोन बोटं जाड आहे. पण हा काही माझा मोठेपणा नव्हे. आम्ही दोघे एकाच खोक्यातून आलो. पुढे दुर्गच्या एका कारागिराने माझा तळ सोलला, रबराचे थर चिकटवले, आणि मी जोड्यातला असूनही बिनजोडीचा झालो.

माझी मालकीण रुक्माताई. ती भिलाईजवळच्या रिसालीत राहते आणि शाळेत गणित शिकवते. एका संध्याकाळी ती सेक्टर २ च्या बाजारातून स्कूटीवर घरी निघाली होती. रस्त्याकडेला उभ्या मोटारीतल्या एका गृहस्थांनी मागे न बघता दार उघडलं. त्यांना फक्त पान थुंकायचं होतं. तेवढ्यासाठी रुक्माताईच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड झाला. लोक म्हणाले, "चला, बरी झाली, सुटली!" मित्रांनो, अपघात क्षणाचा असतो, त्याची नोकरी मात्र जन्माची, आणि तिला रिटायरमेंट नसते. थंडीत तिची मांडी ठणकते, कंबर धरते. मागे हॉर्न वाजला की फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडतो.

तरीही ती वर्गात कधी बसत नाही. "मी बसली की पोरायचं डोस्कं बी बसते," म्हणते. मुलांनी माझ्याकडे बोट दाखवलं, तर रागावत नाही, मला टेबलावर ठेवून विचारते, "सांगा, उजव्यात किती मिळवले तर डाव्याएवढा होते?" बुटाच्या नशिबी फळा येणं हा मान थोडाथोडका नव्हे.

एकाच जागी आमचं दोघांचं चालत नसे. विहाराच्या दारात. तिथे पादत्राणं बाहेर. माझ्यावाचून चालताना तिचा खांदा वर-खाली होई, आणि ते चारचौघांनी पाहावं हे तिला नको होतं. म्हणून अपघातापासून ती आत गेलीच नव्हती. पायरीवर बसूनच वंदना म्हणायची. "चपलायवर लक्ष ठेवून राहिली," असं सांगायची. तिथल्या चपलांना चोरही हात लावत नाहीत हे सर्वांना ठाऊक होतं. कोणी बोललं नाही.

मग तिच्या मुलाचं, धम्मपालचं, लग्न ठरलं. विहारातच. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती नवऱ्या मुलाच्या आईनेच लावायची होती. विहार समितीचे शामराव घरी आले.

"वहिनी, तुमी बूट घालूनच या. आमी ठराव पास केला."

"ठराव तुमी पास केला भाऊ, मी नाही. मले नाही जमत."

"मंग लेकाचं लग्न पायरीवरून पाहसान का?"



उपाय काढला तिचा भाऊ देवीदास याने. तो भिलाईच्या स्टील प्लांटमधून वेल्डर म्हणून रिटायर झालेला. भिलाईचा माणूस दुःख दिसलं की आधी त्यावर प्लेट ठोकतो. त्याने लोखंडी पाट बनवला, एका बाजूला दोन बोटं उंच. आखूड पाय उंच बाजूवर ठेवायचा, की ताई अनवाणी सरळ उभी! "वरून मालगाडी गेली तरी वाकनार नाही," तो म्हणाला. पाट एवढा जड झाला, की चौघांनी तो दारातच टेकवला. मग मेणबत्तीच तिथे आणायची ठरली.

लग्नाच्या दिवशी रुक्माताईने मला पायरीवर काढलं आणि धम्मपालचा हात धरून पाटावर चढली. आणि कलंडलीच. देवीदासने माप तिच्या समोर उभं राहून घेतलं होतं. तिचा डावा त्याला उजवीकडे दिसला. चांगला पायच दोन बोटं वर गेला होता.

धम्मपाल घाबरून म्हणाला, "मम्मी, बाहर चल ना, बूट घालून घे."

मी मनातून खूश झालो. लाज वाटते सांगायला, पण झालो.

ती पाटावरून उतरली. "दादा, तू मले सरळ कराले बसला का घसरगुंडी कराले?" ती देवीदासला म्हणाली. लोक हसले. समोरून कोणी मेणबत्ती उचलून आणू लागलं, तर तिने हटकलं, "तिले कावून हलवता? तिले पाय नाहीत. मले दोन हायेत. लहान-मोठे असतील."

आणि ती निघाली. खांदा वर, खांदा खाली, दोन्हीकडे बसलेल्या माणसांमधून, थेट प्रतिमांपर्यंत. म्हातारी मनकर्णाबाई मधूनच ओरडली, "दुखून राहिलं का वं?"

"दुखून राहिलं ना, आत्या!" ती चालता चालता म्हणाली. मग मेणबत्ती लावली आणि त्रिसरण सुरू केलं. सारा विहार तिच्यामागून म्हणू लागला. माझ्यावाचून इतकी उंच ती मला कधी दिसली नव्हती.

लग्न लागल्यावर ती बाहेर आली आणि पाय माझ्यात सरकवला. तो गरम होता. मला जमेल तेवढी जागा मी केली.

मित्रांनो, मोटारीचं दार उघडण्याआधी मागे बघत जा. माझ्यासारखा बूट पुन्हा कोणासाठी बनू नये. आणि कोणी खांदा वर-खाली करत तुमच्यापुढे चालत असेल, तर घाईने ओलांडू नका. थोडं मागेच राहा. ती चाल बघण्यासारखी असते.