फळीवरची हाक

बायडाबाईला पळायची हौस कधीच नव्हती. पहाटेच्या गारव्यात, पोटात काही नसताना, कुणी मागं लागलेलं नसताना उगीच पळणाऱ्या माणसांना ती खुळ्यात काढायची. पण यंदा उन्हाळा लागल्यापासून ती नवऱ्याला, बंकटला, घेऊन रोज मारुतीच्या पारावर हजर असायची. पदर खोचून पुढं ती आणि तिच्या मागोमाग तो. गावाला वाटलं, पोरीबाळींची लग्नं झाल्यावर या जोडीला आता प्रेमाचा उमाळा आलाय. वाटू दे, गावाला काहीतरी वाटायला लागतंच.

खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती. बंकटच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डावाही धुरकटत चालला होता. दसरा झाला की गावातले कोयते ऊसतोडीला पश्चिमेकडच्या सहकारी कारखान्यावर निघायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, ही तोडीची रीत. त्यातलं एक अधू निघालं तर दुसऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून रोज पहाटे बायडाबाई पुढं पळत हळू आवाजात सांगायची, "उतार हाय... दगड हाय... आता डाव्या अंगाला," आणि बंकट त्या आवाजामागं पाय टाकायला शिकत होता.

तलवाड्याच्या अंगाचं हे छोटंसं गाव. दोन वर्षं पाऊस रुसलेला, विहिरीत टँकरचं पाणी आणि दूध सोसायटीत निम्मे कॅन उपडे घातलेले. अशा गावात पळण्याचं मंडळ काढायचं म्हणजे डोकं फिरलेलंच पाहिजे, आणि त्रिंबकचं ते फिरलेलं होतं. पोलीस भरतीत बोटभर उंचीनं हुकलेला हा गडी. आपण नाही तर निदान गाव तरी पळेल, असं त्यानं मनावर घेतलं. दर रविवारी काहीतरी गंमत काढायचा. कधी रिकामे कॅन घेऊन पळायचं, कधी उलटं पळायचं, कधी सासवा एकीकडं आणि सुना एकीकडं. घागरीची शर्यत लावली तेव्हा घागरीत वाळू भरली होती, कारण पाणी सांडलं असतं तर बायांनी त्रिंबकलाच विहिरीत सोडलं असतं. दुष्काळात माणसं हसायचं विसरतात म्हणणाऱ्यानं एकदा त्या पारावर येऊन बसायला हवं होतं.

मंडळाची वर्षातली मोठी शर्यत दसऱ्याच्या आदल्या दिवशी असायची. जोडीनं मोळी वाहायची, दोघांच्या डोक्यावर एकेक, दोन्ही टाकल्या की जोडी पुरी. मारुतीच्या पारापासून निघायचं, कोरडा ओढा ओलांडायचा आणि सोसायटीच्या गोदामाजवळ उभ्या ट्रकमध्ये फळीवरून चढून मोळी टाकायची, जशी कारखान्याला टाकतात अगदी तशी. शिवारात ऊस उरला नव्हता आणि कडबा खेळायला कुणी दिला नसता, म्हणून मोळ्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या होत्या. पहिल्या जोडीला सोसायटीकडून पाणी साठवायचा निळा ड्रम. त्या ड्रमवर गावातल्या सगळ्या बायांचा डोळा होता.

फळीची एक रीत आहे, ती तोडणाऱ्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. डोक्यावरच्या मोळीचं वाढं, उसाचे हिरवे शेंडे, तोंडावर लोंबतं, पायाखालचं धड दिसत नाही. म्हणून पुढचं माणूस फळीवर पाय ठेवताना ओरडतं, "फळी!" मागचं उत्तर देतं, "हाय मागं!" उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. कारण उत्तर आलं नाही म्हणजे मागचा पडला असं धरायचं. ही हाक फळीवरच मारायची. सपाट जमिनीवर कुणी हाका मारत नाही, तिथं डोळे असतात.

यंदा शर्यतीचे पाहुणे मुकादम भगवानराव होते. टोळी तेच जमवायचे. त्यांनी नारळ फोडला, भोंग्यापुढं उभे राहिले आणि हसत हसत म्हणाले, "मंडळी, यंदा तिकडं बी ऊस कमी हाय. मला आठच कोयते न्यायचेत. रोज सकाळी दारात गर्दी, ह्याला घेतलं तर त्याचा राग. तवा असं करू. आज जे आधी मोळ्या टाकतील ते आठ माझ्या टोळीत. मारुतीच्या साक्षीनं, भांडण न्हाई का तंटा न्हाई."

आधी लोक हसले. मग हसणं आपोआप बंद पडलं. पारावर चौदा जोड्या उभ्या होत्या, आणि त्यांनी एकमेकांकडं पाहायचं टाळलं. त्रिंबकचा चेहरा उतरला. वर्षभर मांडलेल्या त्याच्या खेळात या माणसानं एका वाक्यात पोट आणून ठेवलं होतं.

बायडाबाईनं वाटेकडं पाहिलं. पहाटे ठीक होतं, पळणारे पांगलेले असायचे, तिचं पुटपुटणं कुणाच्या कानावर जात नव्हतं. आता दिवस कलला होता, वाट मावळतीला तोंड करून जात होती, आणि समोरून ऊन आलं की बंकटला काहीच दिसत नसे. त्यात आजूबाजूला सगळे टोळीवालेच. पळायचं नाही म्हणावं तर नाव आत्ताच कटतंय.

"अवं," ती बंकटच्या कानाशी म्हणाली, "आज मला बोलता यायचं न्हाई. माझ्या पायांचा आवाज धरा."

"एवढ्या पायांत तुझे कसे वळखू?"

"इतकी वर्सं मागं चाललात की, वळखा!" ती चिडून म्हणाली. खरं तर ती घाबरली होती, आणि घाबरली की ती नवऱ्यावर चिडायची.

त्रिंबकनं शिट्टी मारली. धूळ उठली. बायडाबाई टाचा आपटत पळत होती, मुद्दाम, जोडव्यांचा आवाज व्हावा म्हणून. मागं बंकटचा श्वास तिला ऐकू येत होता आणि तेवढाच तिला धीर होता. त्यांच्या बरोबरीनं सटवा आणि त्याची बायको चंद्रभागाबाई पळत होते. सटवा म्हणजे बंकटचा जुना जोडीदार, तोंडानं फाटका, तोडीवर एकाच कोपीच्या, पाचटाच्या झोपडीच्या, आडोशाला दोघांनी कैक हंगाम काढलेले.

ओढ्याचा उतार बंकटनं पायांनी ओळखला. मधला मोठा दगडही त्यानं बरोबर टाळला, रोजचाच होता तो. बायडाबाईचा जीव थोडा खाली बसला. आणि तेवढ्यात तिला समोर टँकरवाल्याचा पाईप दिसला. मनगटाएवढा जाड, ओढ्यातून विहिरीकडं आडवा टाकलेला. सकाळी तो तिथं नव्हता.

"पाईप!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

बंकटनं पाय उचलला आणि पाईप ओलांडला. पण हाक सगळ्या ओढ्यानं ऐकली होती. भर उजेडात, सपाट जमिनीवर, एवढ्या जाड पाईपासाठी हाक.

"बे बंकट्या," सटवा पळता पळता म्हणाला, "तुला पाईप दिसंना व्हय?"

बंकट नुसता पळत राहिला. सटवानंही पुढं विचारलं नाही, आणि तेच बायडाबाईला जास्त लागलं. सटवा गप्प बसतो म्हणजे त्याला कळलं. एक शब्द भगवानरावांच्या कानात टाकला की त्याच्या वाटेतला एक कोयता कमी होणार होता. आणि त्याच्या घरीही चूल होती, त्यानं तो का टाकू नये?

मुकादमांना मोटारसायकलवर मागं बसवून आधीच पोचलेला त्रिंबक गोदामापाशी मोठ्यानं मोजत होता. चार झाले, पाच झाले, सहा झाले. ट्रकच्या फळीपाशी रेटारेटी होती. चंद्रभागाबाई आधीच वर जाऊन मोळी टाकून उतरली होती, सटवा मात्र रेट्यात मागं पडला होता. सातवी जोडी उतरली आणि बायडाबाईनं फळीवर पाय ठेवला.

"फळी!"

"हाय मागं!"

एक पाऊल. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. ती वर पोचली, तिनं मोळी टाकली आणि वळून पाहिलं. इतक्या पायांच्या रेट्यानं फळी डावीकडं सरकली होती. बंकट मध्यावर होता. ऊन त्याच्या तोंडावर होतं. त्याचा पाय उचलला गेला आणि तो अर्धा फळीवर, अर्धा हवेत उतरत होता. तिनं धरायला हात पुढं केला, पण तो पोचला नाही.

फळीच्या खालच्या टोकाला मोळी घेऊन सटवा उभा होता. त्यानं नुसतं बघत राहायचा अवकाश होता. बंकट पडला असता आणि आठवी जोडी सटवाची ठरली असती. त्यानं डोक्यावरची मोळी मागं फेकली, दोन ढांगांत वर आला आणि बंकटची टाच हातानं धरून फळीवर ठेवली.

"उजवीकडं, बे. उजवीकडं सरक."

बंकट सरकला, वर आला, त्याची मोळी ट्रकमध्ये पडली.

"आठ!" त्रिंबक ओरडला.

खाली चंद्रभागाबाई नवऱ्याच्या अंगावर धावून गेली. "डोस्क्यावरची मोळी कावून टाकली तुमी? हितवर आणून?"

"सटकली," सटवा म्हणाला आणि धोतराची धूळ झटकायला लागला.

ट्रकमध्ये बायडाबाईनं बंकटचा हात घट्ट धरला होता. तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची तिला शरम वाटत होती. सटकली म्हणतोय ना तो, मग सटकलीच असू दे, असं ती मनात म्हणत होती. बंकटनं हात सोडवून घेतला.

"मुकादम," तो वरूनच म्हणाला, तोंड आवाजाच्या अंदाजानं वळवून, "सटवाची मोळी सटकली न्हाई. मला फळी दिसली न्हाई, त्यानं दावली. मला आता काईच नीट दिसत न्हाई. आठवा कोयता सटवाचा हाय."

बायडाबाईला वाटलं, या माणसाला इथूनच खाली ढकलून द्यावं. मग तिला रडू आलं, आणि रडताना दिसायचं नव्हतं म्हणून ती भगवानरावांवर तुटून पडली.

"खुश झालात का मुकादम? माणसं हसत हुती, पळत हुती. त्यात तुमी आमच्या भाकरीची शर्यत लावली. तुमच्या दारात लावायची हुती की! मारुतीपुढं कावून?"

भगवानरावांनी पागोटं सारखं केलं. "सटवाचा कोयता घेतला," ते म्हणाले. "बंकटला नेऊन मी काय करू बाई? त्याच्या पायावर कोयता बसला तर जबाबदार कोण?"

"त्यांला नका नेऊ. मला न्या."

"एकली? अर्धा कोयता मी नेत न्हाई."

गर्दीतून दगडाबाई पुढं आली. नवरा वारल्यापासून तिला कुठली टोळी घेत नव्हती. शर्यतीत जोडी लागते म्हणून ती नुसती लिंबूपाणी वाटायला आली होती. तिनं तांब्या खाली ठेवला, सटवानं टाकलेली मोळी उचलली आणि कुणाला न विचारता फळी चढली.

"मी बी अर्धीच हाय," ती वरून म्हणाली. "झाला की पुरा."

भगवानराव कुरकुरले. दोन बायांचा कोयता त्यांनी आजवर नेला नव्हता, कारखान्यावर लोक हसतील म्हणाले. पण त्रिंबकनं "नऊ!" म्हणून आरोळी ठोकली, सगळ्या बायांनी ती उचलली, आणि एवढ्या जणींच्या तोंडाला लागण्यापेक्षा एक कोयता वाढवलेला त्यांना परवडला.

निघायचा दिवस उजाडला. बंकटला दिवाळीनंतर बीडला डोळ्यांच्या शिबिराला न्यायचं त्रिंबकनं कबूल केलं होतं. बायडाबाईनं आठवडाभर नवऱ्याशी धड बोलणं केलं नव्हतं. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण ट्रकवरून त्यानं मुकादमापुढं दिलेल्या कबुलीचा राग तिच्या मनातून गेला नव्हता. निघताना काहीतरी बोलू, असं ती रोज ठरवत होती. आता ट्रक सुरू झाला होता, माणसं चढत होती, आणि बोलायचं राहूनच गेलं.

डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन ती फळीपाशी आली. दगडाबाई अजून मागं जावेच्या गळ्यात पडून रडत होती. बायडाबाईनं पाय ठेवला आणि सवयीनं तिच्या तोंडून हाक निघाली.

"फळी!"

मागं कुणीच नव्हतं. ती तशीच थांबली. उत्तर आल्याशिवाय तिला पाऊल टाकता येईना.

"हाय मागं!"

बंकट गर्दीत उभा होता, तोंड जरा भलतीकडंच करून. पण आवाज मोकळा होता, नेहमीसारखा.

मग बायडाबाईनं पाऊल उचललं.