आंबिवलीची गूळतुला

आंबिवलीच्या देवीपुढे तुळईला एक जुना तराजू टांगलेला आहे. मूल दुखण्यातून उठलं, की एका पारड्यात मूल आणि दुसऱ्यात गूळ. मुलाच्या भारोभार गूळ देवीला, मग गावाला. देवस्थान मंडळाचे अध्यक्ष बाबुराव मात्र या तराजूपासून चार हात लांबच उभे राहत. डॉक्टरांच्या वजनकाट्याशीही त्यांचे संबंध बिघडलेले होते.

त्या चैत्रात गंगुबाई नातीला घेऊन आली. सान्वी तीन वर्षांची, पण कडेवर घेणाऱ्याला विसर पडावा इतकी हलकी. नवस पोर बरी झाल्यावर फेडतात, हे पुजारी तानाजीने समजावून पाहिलं.

"आधीच देऊन टाकते," गंगुबाई म्हणाली. "मग देवीला मागं फिरता येणार नाही."

चार घरची भांडी घासून तिने चांगली मोठी ढेप आणली होती. तानाजीने ती फोडून खडे टाकायला घेतले, आणि ढेपेचा तिसरा हिस्सा उरलेला असतानाच सान्वी अधांतरी झाली.

"एवढ्यातच?" गंगुबाईने विचारलं.

उरलेला गूळ पिशवीत भरताना तिचे डोळे भरून आले. गूळ वाचला म्हणून रडणारी बाई बाबुरावांनी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी प्रसाद त्यांनी तसाच परत ठेवला. हेही कधी घडलं नव्हतं.

बालवाडीच्या जाईबाईंकडे त्यांनी चौकशी केली. सान्वीसारखी आणखी बरीच होती. डॉक्टर औषध देत होते; पोटभर चांगलंचुंगलं द्यायला कोणी नव्हतं.

मंडळाची बैठक देवीच्या चांदीच्या मखरासाठी भरली होती. बाबुरावांनी मखर बाजूला सारलं आणि सुचवलं, की दर महिन्याला एकेका विश्वस्ताने पारड्यात बसावं आणि त्याच्या भारोभार शेंगदाण्याचे लाडू बालवाडीला द्यावेत. मग खजिनदार सुदेशरावांनी भूक हा जागतिक प्रश्न असल्याकडे लक्ष वेधलं.

"जगाचं जग बघेल," बाबुराव म्हणाले. "आंबिवलीचा तराजू आपल्याकडे आहे."

"पण तुला लहान मुलांची करतात."

"देवीपुढे आपण कोण, सुदेशराव? पोरंच ना?"

समोर देवी बसलेली असताना 'नाही' म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

पहिला मान अध्यक्षांचा. ही बातमी ऐकून पार कोपर गावापासून पाहुणे आले. बाबुराव बसले तशी तुळई कण्हली. लाडू संपले, पारडं हललं नाही. बायका घरोघर पळाल्या, दाणे भाजले, कुटले, वळले, आणले. अध्यक्ष अखेर वीतभर उचलले गेले तेव्हा टाळ्या पडल्या. आपल्या पोटाला एवढ्या टाळ्या मिळतील, असं बाबुरावांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात सुदेशरावांनी मोबाइल, साखळी, घड्याळ काढून ठेवलं आणि श्वास आत ओढून धरला. हवा धरली तर जड होते, असं तानाजीने गंभीरपणे सांगताच तो सोडलाही.

पोरं लाडू खाऊ लागली. बाबुराव रोज स्वतः डबा पोहोचवायला चालत जात; परिणामी ते वाळू लागले. तराजूचं नुकसान होतंय, अशी चिंता बैठकीत नोंदवली गेली.

पुन्हा चैत्र आला. गंगुबाई तेवढीच ढेप घेऊन आली. सान्वी उडी मारून पारड्यात बसली. अर्धी ढेप गेली, सगळी गेली, तानाजीने कागदाला चिकटलेला चुराही झटकला. पारडं जमिनीवरून हलेना.

गंगुबाई देवळाच्या पायरीवर गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "कमी पडला. आमचा गूळ कमी पडला."

बाबुरावांनी वाण्याकडे माणूस पिटाळला. इतक्यात तानाजीने तक्रार केली, की पोरगी पारड्यात बसून लाडू खातेय. अशाने वजन कधी जुळायचं नाही.

"खाऊ दे," बाबुराव म्हणाले. "आणखी एक ढेप सांग."