सेनेटरचा उरपट्टा

मित्रांनो, घोड्याच्या छातीवर बांधतात तो मी एक जुना, मणीकामाचा उरपट्टा आहे. हरणाच्या कमावलेल्या कातड्यावर हजारो बारीक मणी शिवून मी तयार झालो. आता माझे थोडे मणी गळाले आहेत आणि अंगाला घामाचा वास येतो. तरीही अमेरिकेतल्या आमच्या शायेन आदिवासींच्या लेम डीअर गावात मला अजून मान आहे.

माझा जन्म डेल्फीनच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या किटलीशेजारी झाला. तिचा हात मोठा काटेकोर. एका टाक्यात सातच मणी, आणि जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, पांढरी. तिची धाकटी बहीण मर्ना निळ्या जमिनीची कैवारी. रोज येऊन म्हणायची, "हे पांढरं म्हणजे पिठात पडल्यासारखं दिसतं."

"आणि तुझं निळं? थंडीनं काकडल्यासारखं!" डेल्फीन मान वर न करता म्हणायची. तीस वर्षं हे भांडण चाललं होतं. ते संपावं असं दोघींनाही वाटत नव्हतं.

डेल्फीन मला ज्याच्यासाठी शिवत होती, तो घोडा म्हणजे सेनेटर. पोट मोठं आणि काम काही नाही, म्हणून हे नाव. मार्च महिन्यात डेल्फीननं दोरी लावून त्याच्या छातीचं माप घेतलं.

एप्रिलमध्ये डेल्फीन गेली. मी वीतभर अपुरा राहिलो. तिची सुई माझ्या अंगात तशीच टोचलेली होती. वर्षभर मी खोक्यात पडून होतो. तिची मुलगी रोवीना खोकं उघडायची, सुई बघायची आणि पुन्हा झाकण लावायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं ठरवलं, चार जुलैच्या मिरवणुकीत सेनेटर चालेल तो आईच्या हातचं शेवटचं काम घालूनच. तिनं तीच सुई उचलली आणि तिथूनच पुढे शिवायला घेतलं. मर्नानं चष्मा लावून पाहिलं.

"हे आठ मणी कुणाचे?"

"एकच तर जास्त झालाय."

"एकानंच टाक्याला पोट सुटतं. उसव."

चार वेळा उसवून अखेर मी पूर्ण झालो.

मिरवणुकीला आठवडा उरला असताना मला सेनेटरला लावून पाहिलं. एक टोक खोगिराला बांधलं, तर दुसरं पोचेचना. चांगलं दोन मुठी अंतर राहिलं!

मर्ना कुंपणाला टेकून हसत सुटली. "माझी बहीण एक मणी चुकायची नाही, आणि घोड्याचं माप घेतलं कधी, तर मार्चमध्ये! अगं, हिवाळा काढून उठलेला घोडा तो. मार्चमध्ये मीसुद्धा बारीक असते."

"तू कधीच बारीक नसतेस," रोवीना म्हणाली.

तिनं सेनेटरचा चारा कमी केला. सेनेटरनं कुंपणावरून मान काढून असा काही केविलवाणा चेहरा केला, की शेजारची म्हातारी त्याला गुपचूप तळलेला पाव भरवू लागली. मी होतो तेवढाच राहिलो, सेनेटर वाढला.

तीन तारखेला रोवीना मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. चार दिवस न फिरकलेली मर्ना नेमकी तेव्हाच आली.

"नाही जमलं गं," रोवीना म्हणाली. "आई हसत असेल मला."

"हसेलच की. हसण्यासारखंच आहे." मर्नानं पिशवीतून मणीकामाची एक पट्टी काढून माझ्याशेजारी ठेवली. माझ्याइतकीच रुंद, दोन मुठींहून थोडी जास्त लांब, टाक्यात सात मणी. जमीन निळी.

रोवीनानं पट्टीकडे पाहिलं. "दुकानात पांढरे मणी संपले होते?"

"ढीगभर होते," मर्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रोवीनाला पाठीवर घेऊन सेनेटर मोठ्या रस्त्यानं डुलत निघाला. छातीवर मी, पांढरा, पांढरा, आणि एका बाजूला एकदम निळा. लोक टाळ्या वाजवत होते. कर्ण्यावरच्या माणसानं विचारलं, "रोवीना, काम कुणाचं?"

"माझ्या दोन्ही आयांचं!"

आमच्यात आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. पण डेल्फीन गेल्यापासून मर्नासाठी तो शब्द रोवीनाच्या तोंडून निघाला नव्हता. मर्नानं तोंड फिरवलं, नाक पुसलं आणि गर्दीतून ओरडली, "सरळ बस! पट्ट्यावर ताण येतोय!"

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचं तरी काम अर्धं राहिलेलं असेल. ते पुरं करा. तुमचा हात वेगळा दिसेल, रंग वेगळा दिसेल, दिसू द्या. मग ते वापरा, उन्हात न्या, लोकांना दाखवा. झिजलं तर दुरुस्त करता येतं. नुसत्या जपून ठेवलेल्या वस्तूंचं कौतुक फक्त उंदरांनाच असतं.