तिसऱ्यांदा विचारल्यावर

"तिसऱ्यांदा विचारलं रे त्यानं," हाल्वर्सनबाई म्हणाल्या. "दोनदा मी नाही म्हटलं. माणसानं किती वेळा नाही म्हणायचं?"

डेल्बर्ट राउटिओनं टेबलावरची काळी हार्ड डिस्क उचलून हातात धरली. बाई अजून कोट घालूनच बसल्या होत्या. बुटांचा बर्फ त्यांनी वर दाराशीच झटकला होता, तरी तळघराच्या फरशीवर पाणी ओघळलं होतं आणि त्या ते पुन्हा पुन्हा हातरुमालानं टिपत होत्या.

"काय विचारलं, नीट आठवून सांगा."

"ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? असं. मी म्हटलं, नको. काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, एवढा आग्रह करतोय बिचारा..."

"तर हो म्हटलंत."

"हो म्हटलं."

यात हसण्यासारखं काही नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला, आमच्या या खाणींच्या मुलखात, कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुम्हाला त्रास होणार नसेल तर' म्हणून घ्यायचं. कॉफी असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ढकलायची मदत असो. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा हावरा आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा शिष्ट. चर्चमधल्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा कोणी संपवत नाही. जो येतो तो त्यातला अर्धा कापून नेतो आणि अर्धा पुढच्यासाठी ठेवतो. अशा गावात जन्म काढलेल्या बाईला यंत्रानं तीनदा विचारलं, तर ती दुसरं काय म्हणणार?

बाई पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. डेल्बर्ट लहानपणी ट्रे घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभा राहायचा, म्हणून साठी उलटली तरी तो त्यांना मिसेस हाल्वर्सनच म्हणायचा. त्यांचा नवरा आर्ने गावच्या रेडिओवर रोज सकाळी 'बाजार' चालवायचा. लोक फोन करायचे. कोणाला होडी विकायची असायची, कोणाला मांजरीची पिल्लं द्यायची असायची, कोणाला नुसतंच बोलायचं असायचं. आर्ने सगळ्यांची फिरकी घ्यायचा. पुढे स्टेशन बाहेरच्या मालकानं घेतलं आणि जुनी ध्वनिमुद्रणं कचऱ्यात गेली. आर्नेनं मात्र घरच्या मॅक संगणकाला जोडलेल्या डिस्कवर आपली प्रत जमवली होती. मॅक बंद पडला, शरदात आर्नेही गेला, आणि मागे राहिली ही डिस्क.

"केंटनं सांगितलं, तुझ्या विंडोजच्या लॅपटॉपला लाव म्हणून," बाई म्हणाल्या. केंट त्यांचा मुलगा. ॲरिझोनात बसून तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. बर्फ वितळला की तो बाईंना तिकडे न्यायला येणार होता, कायमचं.

"घर विकलंय. भांडीकुंडी वाटून टाकली. मला फक्त त्याचा आवाज न्यायचाय, डेल्बर्ट. तिकडे मला ओळखतंय कोण? सकाळची कॉफी पिताना हा बोलत असला म्हणजे झालं. गेलं का रे सगळं?"

"मॅकनं मांडलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. वाचता येत नाही असं सरळ म्हणेल तर शपथ! ते म्हणतं, साफ करून देऊ का?"

"म्हणजे मी पुसलंच की."

"दारावरची पाटी पुसलीत. पाटी काढली म्हणून घरातली माणसं जात नाहीत. नंतर त्यावर काही लिहिलंत का?"

"छे! घाबरून वायरच ओढली."

"शाब्बास. तेवढं शहाणपणाचं केलंत. दुसरी प्रत आहे?"

"दुसरी कशाला असेल?"

डेल्बर्टनं उसासा टाकला. एकच प्रत म्हणजे प्रतच नव्हे, हे तो गावाला वर्षानुवर्षं सांगत आला होता. पालथ्या घड्यावर पाणी.

डेल्बर्टनं आयुष्यभर खाणीच्या ऑफिसातले संगणक सांभाळले आणि निवृत्तीनंतर तळघरात दुकान मांडलं. त्याच्या मते या यंत्रांचे स्वभाव माणसांसारखे वेगळे. विंडोज सारखं विचारत बसतं. मॅक गोड बोलतं आणि आतलं काही दाखवत नाही. लिनक्स विचारत नाही आणि सांगतही नाही. हुकूम द्या, बजावलाच समजा, मग तो शहाणपणाचा असो की वेडेपणाचा. त्याचं कामाचं मशीन लिनक्सचं होतं. त्याला बाकी दोघांच्या डिस्क वाचता येत. शिवाय लिनक्स घडवणारा मूळचा फिनलंडचा; फिनलंडवाल्याचं पोर आहे, उगाच बोलत नाही, असं डेल्बर्ट म्हणायचा. त्याचेही आजोबा तिकडचेच.

आधी त्यानं अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत स्वतःच्या मोठ्या डिस्कवर उतरवायला घेतली, म्हणजे मूळ डिस्कला पुन्हा हात लावायला नको. डिस्क म्हातारी होती, मधेच अडखळायची, कट् कट् करायची. मशीन तेवढा भाग सोडून पुढे जायचं आणि नंतर परत येऊन पुन्हा प्रयत्न करायचं. डेल्बर्ट शेजारी कान लावून बसायचा. मग त्या प्रतीतून आवाजाच्या फायली एकेक वेचल्या. निघाल्या ढीगभर, पण नावं गेली होती. नुसते आकडे.

आता त्याचा एक नियम होता. लोकांच्या फायली उघडायच्या नाहीत. काम झालं की मालकाला समोर बसवायचं, विचारायचं, "कुठली एक उघडून दाखवू?" तेवढी एक उघडायची, डिस्क हातात द्यायची आणि मालक गेला की आपली प्रत नष्ट करायची. सगळं गाव आपले फोटो, आजारपणं, भांडणं त्याच्याकडे सोपवून निर्धास्त झोपायचं ते या नियमामुळे. इथे मात्र नावं लावायची तर ऐकणं भाग होतं. बाईंनीच सांगितलं, ऐक बाबा. सोय एवढीच की आर्ने रोज सुरुवातीला तारीख आणि बाहेरचं तापमान सांगायचा. तेवढं ऐकायचं, नाव लावायचं, पुढची फाइल.

हिवाळाभर हेच चाललं. बाहेर बर्फ खिडकीच्या वर चढला. डेल्बर्टकडे दिवसचे दिवस कोणी फिरकत नसे. हळूहळू तो आर्नेला उत्तरं द्यायला लागला. आर्ने म्हणायचा, "आज उणे तीस, मंडळी, नाक घरी ठेवून निघा," आणि डेल्बर्ट म्हणायचा, "नाक कुठलं, गाडीच सुरू होत नाहीये." घरात आपला आवाज ऐकून तो दचकायचा.

आर्डिस, त्याची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं होतं. गावाचं सगळं वाचवणाऱ्या या माणसाकडे बायकोचे फोटो होते, पण आवाज नव्हता. तिला ध्वनिमुद्रण आवडायचं नाही. कॅमेरा काढला की ती तोंड मिटून हात हलवायची. पहिली काही वर्षं आवाज त्याच्या डोक्यात होता. मग एक दिवस त्यानं आठवायचा प्रयत्न केला आणि तो आलाच नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

एका दुपारी सुरुवात ऐकून, नाव लावून तो कॉफी ओतायला उठला. फाइल बंद करायची राहिली.

"बाजार. बोला."

"आर्ने, माझ्याकडे संगणक आहेत. फुकट."

"किती आहेत?"

"तळघरभर. चालतात का ते देवाला ठाऊक. नवरा चार वाजेपर्यंत ऑफिसात असतो. त्याच्या आत कोणी उचलून नेले, तर वर केक देईन."

"आणि नवरा ऐकत असला तर, आर्डिस?"

"तो कुठला ऐकतोय! तो फक्त त्या डिस्कांचं ऐकतो. माझं ऐकत असता तर तुला कशाला फोन केला असता?"

आणि ती हसली. हसता हसता शेवटी तिचा श्वास अडकायचा, तसा अडकला.

कॉफी कपाबाहेर सांडली. डेल्बर्टला आठवलं, एकदा तळघरातले तीन जुने मॉनिटर नाहीसे झाले होते आणि शेजाऱ्यावर संशय घेऊन त्यानं त्या गरिबाशी बोलणं टाकलं होतं. तो मोठ्यानं हसला आणि मग खुर्चीत बसून रडला. तिची इतकी आठवण त्याला तिच्या अंत्यविधीलाही आली नव्हती. फाइल त्यानं पुन्हा लावली. पुन्हा लावली. अंधार पडेपर्यंत त्या दिवशी दुसरं काम झालं नाही.

बर्फ वितळला तशा हाल्वर्सनबाई आल्या, लिंबाच्या वड्यांची ताटली घेऊन. बाहेर केंट गाडीला जोडलेल्या ट्रेलरचे दोर आवळत होता. डेल्बर्टनं कॉफी दिली. दोघांनी वड्या खाल्ल्या आणि दोन वर केंटसाठी पाठवल्या.

"कुठली एक उघडून दाखवू?"

"मला सगळ्या सारख्याच. तूच निवड."

तो जरा थांबला आणि मग त्यानं ती लावली. आर्नेनं तारीख सांगितली, थंडीला शिव्या घातल्या. बाईंनी तोंडावर हात धरला. मग दुसरा आवाज आला.

"अगं बाई, ही तर आर्डिस!"

डेल्बर्ट पडद्याकडे बघत राहिला. आर्डिसचं हसणं संपलं.

"ही तू ठेव," बाई म्हणाल्या. "तुझ्या मशीनमध्ये आहेच ना?"

"नाही, नाही. तुमचं आहे ते. काम झालं की मी पुसतो."

"अरे, ठेव की! कोणाचं काय जातंय?"

"नको, खरंच नको."

आणि तो थांबला. बाईंनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला आणि केंट जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडला, "आई, चल! अंधाराच्या आत आयोवा गाठायचंय!" बाई गडबडल्या. डिस्क पर्समध्ये, हातमोजे टेबलाखाली, चष्मा कुठे गेला, या धांदलीत त्यांनी डेल्बर्टला मिठी मारली, "वेळेवर जेवत जा," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

तो खिडकीशी उभा राहिला. ट्रेलर मागे घेताना केंटनं टपालपेटी जवळजवळ पाडलीच. बाई काचेतून हात हलवत होत्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो बराच वेळ उभा होता. परत येतील, काहीतरी विसरलं असेल, असं त्याला वाटत होतं.

मग तो खाली आला. एकदा एकाची ठेवली की दुसऱ्याची ठेवायला कारण लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कसं पुसायचं हेही त्याला ठाऊक होतं. नुसती पाटी काढून भागत नाही, वरून सगळीकडे शून्यं लिहावी लागतात, म्हणजे त्यालाही पुन्हा काही वेचता येणार नाही. त्यानं हुकूम टाइप केला. विंडोज असतं तर विचारलं असतं, नक्की ना? डेल्बर्टनं नाही म्हटलं असतं. लिनक्सनं काही विचारलं नाही.

दुपारभर ते शून्यं लिहीत होतं. केव्हाही थांबवता आलं असतं. डेल्बर्ट हात मांडीवर ठेवून बसून होता.

दिवेलागणीला फोन वाजला.

"डेल्बर्ट, मी बोलतेय. मोटेलवर उतरलोय. अरे, मी दोनदाच विचारलं! त्या मेल्या हॉर्ननं सगळा घोटाळा केला. वाटेत घास उतरला नाही मला. आता तिसऱ्यांदा विचारते, आर्डिसची ती ठेवशील ना?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. काम केव्हाच संपलं होतं.

"बरं," तो म्हणाला, "तुम्हाला चालणार असेल तर."

"ठेवलीस?"

"ठेवली, मिसेस हाल्वर्सन. आभार."

"हुश्श! माझा जीव भांड्यात पडला."

"आणि हे बघा, तिकडे पोचलात की केंटला दुसरी प्रत करायला सांगा. सगळ्याची."

"एकच प्रत म्हणजे प्रतच नव्हे. ठाऊक आहे रे बाबा. पण आर्डिसची तर आता तुझ्याकडेही आहे. तिची काळजी नाही."

"तरी करा," तो म्हणाला. "तिचीही करा."

फोन ठेवून तो मशीन बंद करायला गेला. टेबलावर बाईंची ताटली राहिली होती, तिच्यात लिंबाची एक शेवटची वडी. त्याला भूक लागली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यानं सुरी घेतली, वडी मधोमध कापली, अर्धी खाल्ली आणि अर्धी ताटलीत ठेवून दिवा मालवला.